केतकीची शिकवणी

घोडी विकायची ठरली तेव्हा बाबांना पहिली काळजी पडली ती तिच्या झापडांची.

केतकीने जन्मात टांग्याशिवाय दुसरं काही ओढलं नव्हतं. टांग्याच्या घोडीच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी चामड्याची झापडं असतात, त्यामुळे तिला पुढचा रस्ता तेवढा दिसतो. मागे काय वाजतंय, शेजारून काय जातंय, हे ती कानांनी ओळखते. झापडं काढली की तिला पहिल्यांदाच सगळीकडचं दिसणार होतं.

"घाबरून मरंल बाय," बाबा म्हणाले. "हलू हलू करायला पायजे."

एकोणनव्वद साल होतं. पनवेलच्या टांगा स्टँडवर आता रिक्षा उभ्या राहायच्या. बाबांच्या शेजारी वर्षानुवर्षं टांगा लावणाऱ्या दादूकाकांनीही रिक्षा घेतली होती आणि येता-जाता ते बाबांना हॉर्न वाजवून चिडवायचे. बाबांच्या फुफ्फुसाचं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. बाबांनी सरळ विचारलं, म्हणून मीही सरळ सांगितलं. ते म्हणाले, "मंग घोडीचा बघाया पायजे."

आई मी शाळेत असतानाच गेली होती. बाबा, मी आणि केतकी, एवढंच आमचं घर. मी वाचनालयात नोकरी करत होते.

"मी सांभाळते तिला," मी म्हटलं.

बाबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "नि तुला कोन सांभाळंल?"

मी हसले, पण बाबा हसले नाहीत. तबेल्याच्या जागेवर इमारतीचा फलक लागलाच होता. घोडी ठेवायची म्हटलं तरी ठेवणार कुठे?

गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची होती. एक वीटभट्टीवाले. त्यांच्याकडची घोडी पाठीचं कातडं सोलवटेपर्यंत विटा वाहते आणि बसली की तिच्या जागी दुसरी येते. बाबांनी त्यांना दारात उभं केलं नाही. दुसरी तऱ्हा मुंबईकरांची. ते तेव्हा नेऱ्याच्या रस्त्याला जमिनी घेऊन फार्महाउस बांधत होते. चारुदत्त साहेब त्यांतले एक, दादरचे आर्किटेक्ट. त्यांना मुलांसाठी घोडा हवा होता.

"चावणारी, उधळणारी नको हं," ते म्हणाले. "माझी मुलगी सात वर्षांची आहे."

"दिवाळीला घेऊन जा साहेब," बाबा म्हणाले. "तवर तिला मांजर करून ठेवतो."

बाबांनी झापडं काढली नाहीत, कापली. दर काही दिवसांनी धारदार सुरीने दोन बोटं रुंदीची पट्टी उतरवायची. आज केतकीला कोपऱ्यातली भिंत दिसली, चार दिवसांनी शेजारून जाणारी सायकल दिसली. प्रत्येक वेळी ती थरथरायची. तेव्हा बाबा तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे आणि तिला जे दिसत होतं त्याचं नाव सांगायचे. "सायकल हाय. कुत्रा हाय. काय करत नाय तो." झापडांच्या जागी नुसती दोन टिचभर चामडी उरली, तेव्हा तीही त्यांनी काढून टाकली.

मग खोगीर. आधी भाताच्या तुसाचं पोतं, मग डबे बांधलेलं पोतं, आणि शेवटी मी. वडाळे तळ्याच्या काठाला नेऊन त्यांनी मला केतकीवर चढवलं.

"वरड," ते म्हणाले.

"काय ओरडू?"

"पोरं काय वरडतात घोड्यावर? तसा वरड. पाय झाड. हिची आयाल वढ."

दिवसभर लोकांना "हळू बोला" म्हणणारी मी भर दिवसा तळ्याकाठी घोड्यावर बसून किंचाळत होते. धुणं धुणाऱ्या बायका हसून लोळायच्या बेतात आल्या होत्या. एकीने हाक मारली, "काशीराम, पोर देवानं धाडली नि तू गाढवपना शिकवतस तिला!"

"पोर नाय शिकत, घोडी शिकते!" बाबांनी ओरडून उत्तर दिलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. केतकी खोकल्याच्या आवाजाकडे कान वळवून उभीच राहिली.

त्यांनी तिच्या नाकासमोर छत्र्या उघडल्या. शेपटी ओढली. जबड्यात हात घातला. पोटाखालून चार वेळा आरपार गेले. "पोरगा डोळ्यात बोट घालील, तरी हिनं पाय उचलाया नाय पायजे," असं त्यांचं गणित होतं. या सगळ्यात त्यांनी तिला एकदाही मारलं नाही. त्यांचा चाबूक टांग्याच्या पायरीवर वाजायचा, केतकीच्या अंगावर कधीच नाही. टांग्याच्या धंद्यात ही मोठी गोष्ट आहे. स्टँडवर त्यांची त्यावरून थट्टाही व्हायची.

दिवाळीच्या आधी साहेब मुलांना घेऊन आले. चौदा वर्षांचा अपूर्व आणि सात वर्षांची रेवा. रेवाने केतकीच्या पुढच्या पायाला मिठी मारली. केतकीने मान खाली करून तिच्या केसांचा वास घेतला.

"हिचं नाव ब्यूटी," रेवाने जाहीर केलं.

"केतकी हाय तिचा नाव," बाबा म्हणाले.

"असू दे. आता ब्यूटी."

त्या रात्री जेवताना बाबांनी मला विचारलं, "ब्यूटी म्हंजे काय गं?"

"सौंदर्य."

"हात्तिच्या. एवढाच?" आणि घोडी जाईपर्यंत रोज दाणा-चंदी घालताना ते तिला ब्यूटी, ब्यूटी म्हणून हाका मारत राहिले. जीभ वळायची नाही. पण घोडी नावाला ओ द्यायला शिकली.

ती गेली त्या दिवशी बाबा टांग्याच्या रिकाम्या दांड्यांमध्ये बसून राहिले. मी चहा नेऊन दिला, तो त्यांनी प्यायला.

दोन आठवडे झाले असतील. सकाळी मी दारात तांदूळ निवडत होते आणि केतकी गल्लीच्या तोंडाशी उभी दिसली. गळ्यात तुटलेला दोर. गाढी नदीच्या कडेकडेने, बाजारातून, रिक्षांमधून ती एकटी चालत आली होती. बाबांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा इतका उजळला, की त्या आजारपणात मी तो तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिला गूळ दिला, पाणी दिलं, खरारा केला, तिच्या कानात काहीतरी बोलले.

दुपारी चारुदत्त साहेबांची गाडी आली. मागच्या सीटवर रेवा रडून डोळे सुजवून बसली होती.

"काशीराम, हे काय आहे? मी घोडी घेतलीय की तुमची माहेरवाशीण?"

"चुकून आली साहेब. परत नाय येनार."

"आम्ही शनिवार-रविवार येतो. एरवी शुक्रा एकटा असतो तिथे. ही हायवेवर कुठे गाडीखाली आली तर? पुन्हा पळाली तर मी ठेवणार नाही. तो वाजे गावचा भट्टीवाला मागतोय, त्याला देऊन टाकीन."

शुक्रा म्हणजे त्यांच्या जागेवर राहणारा राखणदार. वर डोंगरातल्या ठाकूरवाडीचा. तोही गाडीतून आला होता. त्याने केतकीचा दोर हातात घेतला, तेव्हा तो बाबांकडे बघत नव्हता. बाबांनी केतकीला दिलेला गूळ त्याला दिसला होता.

साहेब गेल्यावर बाबा मला म्हणाले, "मीच चुकलो. गूळ नको होता द्यायला."

"मग काय द्यायचं होतं?"

टांग्याच्या पायरीखालचा चाबूक त्यांनी काढून दाराशी ठेवला. मी समजले.

केतकी पुन्हा आली. या वेळी खुंटा उपटून, तो दोराला तसाच लटकत होता. बाबा उठले. तिने त्यांना पाहून कान टवकारले आणि घशातून तो हलका आवाज काढला, जो ती फक्त त्यांच्यासाठी काढायची. बाबांनी पहिला फटका तिच्या तोंडावर मारला.

ती हलली नाही. तिला वाटलं असावं, चूक झाली. दुसरा फटका मानेवर. ती एक पाऊल पुढे आली, त्यांच्याकडे. शिकलेली घोडी. अंगावर काहीही आलं तरी पाय उचलायचा नाही, पळायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून त्यांना फार वेळ मारावं लागलं. फटके वाजत होते आणि मधेच बाबांचा खोकला. गल्लीतले लोक दारात आले. दादूकाकांनी रिक्षा थांबवली.

"काय रं काशा! पोरीला सासरी धाडलीस, नि माहेरी आली म्हनून मारतस?"

कुणीतरी हसलं. बाबा मारतच राहिले. शेवटी केतकीच्या कानामागून रक्त आलं आणि ती वळली. खुंटा रस्त्यावर आपटत ती निघाली. गल्लीच्या तोंडाशी थांबून तिने मागे पाहिलं. बाबांनी एक दगड उचलून फेकला. तो तिच्या पाठीवर बसला.

"नेऱ्याला गेली का बघ," ते मला म्हणाले. मी दादूकाकांच्या रिक्षातून तिच्या मागे गेले. ती सरळ फार्महाउसच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. मी परत येऊन सांगितलं तेव्हा बाबा मोरीत ओकत होते. "शिकली," ते म्हणाले आणि तोंड धुतलं.

त्यानंतर ती कधी आली नाही.

दीड वर्ष गेलं. बाबांनी टांगा विकला. एका हॉटेलवाल्याने तो दारात उभा करून त्यात झाडांच्या कुंड्या ठेवल्या. आम्ही त्या रस्त्याने जात नव्हतो. बाबांचं चालणं घरापुरतं उरलं. शुक्रा आठवड्याच्या बाजाराला यायचा तेव्हा आमच्याकडे डोकावायचा. घोडी बरी हाय, खाते, पोरगी बसते तिच्यावर, असं सांगायचा. बाबा दुसरं काही विचारायचे नाहीत.

मार्चमध्ये एकदा तो आला आणि चहा न घेताच उभा राहिला.

"काय रं?"

"पोरगा आता येत नाय, त्याची दहावी हाय. पोरगी येते तर टीव्हीच बघते. बाईसाहेब बोलतात, कशाला पोसायची घोडी. भट्टीवाल्याशी बोलनं झालंय. होळीनंतर नेनार."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना धाप लागलीय. मी पाठीवर हात फिरवायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. ते विचार करत होते.

"पोरीला ठाव हाय का?" त्यांनी शुक्राला विचारलं. "भट्टीचा?"

"नाय. तिला सांगितलंय, मोठ्या कुरणात धाडनार."

"रविवारी हायेत का सगली?"

"हायेत."

रविवारी दादूकाकांनी आम्हाला रिक्षातून नेलं. वाटेत ते म्हणाले, "काशा, हात जोड साहेबाला. पाया पड. मोठी मानसं पाया पडल्यावर इरघळतात."

"त्यानं काय व्हनार?" बाबा म्हणाले. "आज इरघळंल, उद्या घट्ट व्हईल."

मला वाटलं ते निरोप घ्यायला चाललेत.

साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. आजारी माणूस बघून त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. वाईट माणूस नव्हता. बाबा म्हणाले, येकदा बघू द्या साहेब घोडीला. साहेबांनी हाक मारली, "रेवा, ब्यूटीला आण गं, काका बघायला आलेत." आतला टीव्हीचा आवाज थांबला. रेवा कंटाळलेल्या चालीने गेली आणि केतकीला घेऊन आली.

केतकी गुबगुबीत झाली होती. तिने बाबांना पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. कातडी थरथरायला लागली. रेवा दोर ओढत होती, ती हलेना. मग बाबांनी जिभेने टाळूवर तो आवाज काढला, टांगा जुंपताना काढायचे तो. केतकीने मान खाली घातली आणि थरथरत, एकेक पाऊल टाकत, त्यांच्याकडे आली. येऊन तिने कपाळ त्यांच्या छातीला लावलं.

बाबांनी तिच्या कानामागे हात ठेवला. तिथे केस उगवले नव्हते. हात क्षणभरच राहिला. मग कुंपणाची एक काठी उपसली आणि तिच्या तोंडावर मारली.

रेवा किंचाळली. केतकी उभी. बाबांनी पुन्हा मारलं, डोळ्यापाशी. एवढा जोर त्यांच्यात कुठून आला, मला माहीत नाही.

"अहो! अहो काय करताय?" साहेब धावले.

"अशीच वठनीवर येते ही!" बाबा ओरडले. "भट्टीवर याच्यापेक्षा जास्त मारतात. मी तिला आतापास्नं सवय लावतो. भट्टीवाला मलाच हाकायला ठेवनार हाय. मी बोललोय त्याच्याशी. रोज मारनार मी हिला, रोज!"

"भट्टी?" रेवा साहेबांकडे वळून म्हणाली. "बाबा, कुठली भट्टी? तुम्ही म्हणाला होतात कुरण."

बाबांनी काठी पुन्हा उचलली. रेवा घोडीच्या मानेला बिलगली आणि तो फटका तिच्या मनगटावर बसला. साहेबांनी बाबांना ढकललं. ते पायऱ्यांवर पडले. मी धावले.

"कसाई आहेस!" साहेब ओरडले. "आजारी आहेस म्हणून... नाहीतर पोलिसांत दिलं असतं. चालता हो! पुन्हा या फाटकात पाऊल टाकलंस तर बघ."

"नाही द्यायची, बाबा," रेवा हुंदके देत म्हणत होती. "याला नाही द्यायची. शपथ घ्या. माझी शपथ घ्या."

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

रिक्षात बाबांच्या ओठातून रक्त येत होतं. दादूकाका आरशातून बघत होते. खांदेश्वरचा फाटा जवळ आला तेव्हा बाबांनी विचारलं, "पोरगी रडली ना?"

"रडली."

"लागला का तिला फार?"

"मनगट सुजेल."

"बरा," ते म्हणाले. "लागल्याबिगर लक्षात रहात नाय."

मेच्या शेवटी ते गेले. त्या दिवशी शुक्रा डोंगरावरून चालत आला आणि त्याने बाबांना खांदा दिला.

सगळं आटोपल्यावर घर फार शांत झालं. मी वाचनालयात जाऊ लागले, पुस्तकं देऊ-घेऊ लागले. बाबांविषयी कुणाशी बोलावं असं वाटायचं, पण लोक दोन वाक्यांत मोकळे व्हायचे. आम्हा दोघांना घरच्यासारखं ओळखणारं जिवंत असं एकच उरलं होतं. म्हणून एका शनिवारी मी नेऱ्याची एसटी पकडली. मला केतकीच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ उभं राहायचं होतं. एवढंच.

रेवा फाटकातच होती. उंच झाली होती. तिने मला ओळखलं आणि फाटकाची साखळी दोन्ही हातांनी धरली.

"तुम्ही त्यांची मुलगी ना?"

"हो."

"ते आलेत?" तिने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"नाही. मी एकटीच आहे. केतकी कशी आहे?"

"ब्यूटी," ती म्हणाली. "चांगली आहे. मी रोज फोन करून विचारते शुक्राला. म्हणजे बाबांना करायला लावते." थोडी थांबली. "पुढच्या वर्षी आम्ही बंगलोरला जाणार आहोत. आई म्हणते, तिला कुणालातरी देऊन टाकू. बाबा म्हणाले, तो माणूस आहे तोवर नाही. कारण दुसऱ्या कुणाला दिली तर तो तिथे जाऊन घेईल. माझी शपथ घेतलीय ना त्यांनी. म्हणून शुक्राला पैसे पाठवणार आणि ती इथेच राहणार."

तिच्या मागे शुक्रा गवताचा भारा सोडत होता. त्याचे हात थांबले.

"ते आहेत ना अजून?" रेवाने विचारलं. "आजारी होते म्हणे."

दूर आंब्याखाली केतकी पाठमोरी उभी होती. शेपटीने माश्या हाकत होती. हाक मारली असती तर वळली असती.

"बरे झाले आता," मी म्हटलं.

शुक्राने माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून भाऱ्याची गाठ सोडू लागला.

"अजून मारतात?"

"कुणाला?"

"कुणालाही. तुम्हाला."

बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. "मारतात," मी म्हटलं.

रेवाचा चेहरा मऊ झाला. तिला माझी कीव आली होती. पण तिने साखळी सोडली नाही.

"मी तुम्हाला आत घेतलं असतं," ती म्हणाली. "पण तुमच्या कपड्यांना त्यांचा वास असेल. ती घाबरेल. सॉरी हं."

"बरोबर आहे."

"त्यांना सांगा, ती कध्धी मिळणार नाही म्हणावं. कितीही वर्षं झाली तरी. सांगाल?"

"सांगते," मी म्हटलं, आणि एसटीच्या थांब्याकडे निघाले.